विषाणू पेशीला नेमके कुठे धरतो? : वाचकांचे प्रश्न

फ्लूच्या विषाणूंवर मागे लिहिताना 'विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूला चिकटतो' असे एक वाक्य मी फारसा खुलासा न करता लिहून टाकले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच देणे भाग आहे. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत. काही पत्रे घरातल्या आजाराविषयी असल्याने नावे सगळ्यांचीच गाळली आहेत.

प्रश्न : विषाणू पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) जोडला जातो, असे आम्हाला शिकवतात. पण विषाणूला चिकटता येईल असा ग्राही पेशी मुळात बाळगतेच कशाला? उत्क्रांतीत तो नाहीसा का झाला नाही?
– बारावीचा विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : तुझा गोंधळ बराचसा 'ग्राही' या शब्दानेच केला आहे. 'एसीई-२ हा करोनाचा ग्राही' असे आपण म्हणतो तेव्हा नकळत विषाणूच्या बाजूने बोलत असतो. पेशीच्या लेखी ते रक्तदाब आटोक्यात ठेवणाऱ्या साखळीतले एक विकर आहे आणि करोनाचा विषाणू जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ते आपले काम करत आले आहे.

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा दुपदरी पापुद्रा. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते. आमटीवर फोडणी ओतल्यावर तेलाचा तवंग पसरतो आणि तडतडलेली मोहरी त्या तवंगात इकडून तिकडे सरकत राहते, हे तू पाहिले असशील. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी पेशीपटलाचे जे चित्र मांडले, ते साधारण असेच आहे : मेदाचा थर वाहता आहे आणि त्यात प्रथिने तरंगत फिरतात. फरक इतकाच की मोहरी नुसतीच वर तरंगते, तर यातली बरीच प्रथिने थरातून आरपार गेलेली असतात. त्यांचे एक टोक बाहेर असते आणि दुसरे पेशीच्या आत. बाहेरच्या टोकाला काही येऊन भिडले की आतले टोक ती बातमी पुढे पोचवते. पेशीला बाहेरच्या जगाचे जे काही कळते, त्यातले बरेचसे याच वाटेने कळते.

आता यादी पाहा. एचआयव्ही सीडी-४ या प्रथिनाला धरतो, गोवराचा विषाणू स्लॅम या प्रथिनाला, एपस्टाइन-बार विषाणू सीडी-२१ला आणि कावीळ 'सी'चा विषाणू सीडी-८१ला. ही चारही प्रथिने प्रतिकारक पेशींना जागे करण्याच्या कामात गुंतलेली आहेत. ती टाकून द्यायची तर ते कामच अडते, आणि म्हणूनच ती नाहीशी झाली नाहीत. मात्र उत्क्रांती हातावर हात ठेवून बसलेली नाही. लोह आत घेणारे ट्रान्सफेरिन ग्राही हे प्रथिन कोणत्याच सस्तन प्राण्याला सोडता येत नाही, पण काही विषाणू त्याच्या ज्या नेमक्या जागी चिकटतात, तिथली अमिनो आम्ले उंदीरवर्गीय प्राण्यांत पुन्हा पुन्हा बदललेली आढळतात. लोह धरण्याची जागा तशीच राहिली, विषाणूची पकड तेवढी सुटली.

प्रश्न : माझ्या भावाला एचआयव्ही आहे आणि तो सहा वर्षे गोळ्या घेतो. रिपोर्टवर 'सीडी-४ : ६१०' असे येते आणि हा आकडा वाढला की डॉक्टर खूश होतात. सीडी-४ हे विषाणूचेच नाव ना? आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, 'आढळला नाही' असे येत असताना गोळ्या बंद का करत नाहीत?
– इचलकरंजी

उत्तर : सीडी-४ हे विषाणूचे नाव नाही. ते तुमच्या भावाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींवरचे एक प्रथिन आहे आणि रिपोर्टवरचा आकडा म्हणजे ते प्रथिन अंगावर असलेल्या टी पेशींची एका घनमिलिमीटर रक्तातली संख्या. निरोगी प्रौढात ती साधारण ५०० ते १५०० असते. ती २००च्या खाली गेली की एरवी फारसा त्रास न देणारे जंतूही माणसाला आडवे करतात. ६१० हा आकडा चांगला आहे. नावाचे म्हणाल, तर १९८२ साली पॅरिसमध्ये शास्त्रज्ञांनी एकत्र बसून पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनांना सीडी या अक्षरांखाली क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. तेव्हापासून ही यादी साडेतीनशेच्या पुढे गेली आहे.

मोजणी कशी होते ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आकड्याची भीती वाटणार नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त प्रयोगशाळेत आले की त्यातला थेंबाहून थोडा भाग वेगळ्या नळीत घेतात. त्यात सीडी-४ला आणि सीडी-३ला चिकटणारी प्रतिपिंडे घालतात. या प्रतिपिंडांना आधीच चमकणारे रंग जोडलेले असतात, आणि प्रकाशाने रंग फिके पडू नयेत म्हणून नळी पाव तास अंधारात ठेवतात. मग तांबड्या पेशी फोडून टाकतात आणि उरलेला द्रव यंत्रात सोडतात. तिथे पेशी एकामागून एक, देवळातल्या दर्शनबारीसारख्या, लेसरच्या किरणासमोरून जातात. ज्या पेशीवर दोन्ही रंग चमकले ती पेशी मोजली जाते आणि पडद्यावर तिचा एक ठिपका उमटतो. दोन रंग अशासाठी की मोनोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवरही थोडे सीडी-४ असते, आणि सीडी-३ पाहिले नाही तर त्याही हिशेबात घुसतात. मी बरीच वर्षे असे ठिपके पाहिले आहेत. उपचार सुरू झालेल्या रुग्णाचा विरळ पुंजका काही महिन्यांनी दाट झालेला दिसला की यंत्रापुढे बसणाऱ्यालाही बरे वाटते.

आता सीडी-४चे मूळ काम. शरीरात जंतू शिरला की काही पेशी त्याचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाच्या खोबणीत बसवून मिरवतात. टी पेशी आपल्या ग्राहीने तो तुकडा चाचपून पाहते. त्याच वेळी तिचे सीडी-४ त्या मिरवणाऱ्या प्रथिनाला बाजूने पकडते आणि पटलाच्या आतल्या अंगाला स्वतःशी जोडलेले एलसीके नावाचे विकर नेमक्या जागी आणून ठेवते. हे विकर ग्राहीच्या आतल्या शेपटांवर फॉस्फेट चढवते आणि 'उठा, शत्रू ओळखला' हा निरोप केंद्रकाकडे निघतो. थोडक्यात, टी पेशी जागी करण्याच्या पहिल्याच पायरीवर सीडी-४ उभे आहे. एचआयव्हीच्या अंगावरचे जीपी-१२० हे प्रथिन नेमके यालाच धरते. हे १९८४ साली लंडन आणि पॅरिसमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले.

गोळ्यांचे उत्तरही याच पेशीच्या झोपण्या-उठण्यात आहे. पेशीत शिरलेला एचआयव्ही आपली जनुके पेशीच्या डीएनएमध्ये विणून टाकतो. टी पेशी जागी होते तेव्हा एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन केंद्रकात जाऊन तिची झोपलेली जनुके चालू करते, आणि एचआयव्हीने आपल्या जनुकांच्या सुरुवातीलाच या प्रथिनाला बसण्याच्या जागा राखून ठेवल्या आहेत. म्हणजे पेशी जागी झाली की विषाणूचा कारखाना चालू होतो आणि पेशी निजली की तोही निजतो. निजलेल्या पेशीतल्या विषाणूला गोळ्या हात लावू शकत नाहीत. त्या फक्त नव्या पेशींत होणारा शिरकाव आणि नवी निपज थांबवतात. शरीरात अशा निजलेल्या पेशी वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांतली कोणती कधी जागी होईल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परत दिसू लागतो. भावाला हे समजावून सांगा, आणि हेही सांगा की व्हायरल लोड असाच 'आढळला नाही' राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. भारतात २०१७पासून सीडी-४चा आकडा कितीही असला तरी निदान झाल्याबरोबर उपचार सुरू करण्याचे धोरण आहे आणि एचआयव्हीवरच्या उपचारांच्या सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात.

प्रश्न : बर्लिनमधल्या एका रुग्णाला सीसीआर-५ नसलेल्या माणसाच्या मूलपेशी दिल्यावर त्याचा एचआयव्ही बरा झाला, असे वाचले. मग हे जनुक सगळ्यांचेच जन्मापूर्वी काढून का टाकू नये?
– पुणे

उत्तर : घटना खरी आहे. टिमोथी रे ब्राऊन यांना एचआयव्हीबरोबर रक्ताचा कर्करोगही होता आणि त्यासाठी २००७ आणि २००८ मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्यावर मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले. एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी-४ एकटे पुरत नाही, जोडीला आणखी एक प्रथिन लागते आणि बहुतेक वेळा ते सीसीआर-५ असते, हे १९९६ साली कळले होते. त्याच सुमारास काही माणसांच्या सीसीआर-५ जनुकात ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, हेही लक्षात आले. आईकडून आणि वडिलांकडून अशी दोन्ही जनुके तुटकी मिळाली तर ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण शंभरात एक जण असतात. आपल्याकडे ही गोष्ट फार दुर्मीळ आहे. ब्राऊन यांच्या डॉक्टरांनी मुद्दाम असाच दाता शोधला. पुढे २०२०मध्ये त्यांचे निधन झाले ते उलटलेल्या कर्करोगाने. एचआयव्ही परतला नव्हता.

पण हा उपचार सर्वांसाठी नाही, कारण अशा प्रत्यारोपणात माणूस दगावण्याचा धोका मोठा असतो. जो रुग्ण रोज गोळी घेऊन चांगला जगू शकतो, त्याला या वाटेने नेणे कुणीही शहाणा डॉक्टर पसंत करणार नाही.

राहिला जनुक काढण्याचा भाग. सीसीआर-५ हे निरुपयोगी प्रथिन नाही. दाह जिथे चालू आहे तिथून निघणाऱ्या रासायनिक खुणांचा माग काढत पांढऱ्या पेशी धावतात, आणि त्यांतल्या काही खुणा ओळखणारे नाक म्हणजे सीसीआर-५. ज्यांच्याकडे ते नाही त्यांना वेस्ट नाईल विषाणूची लागण झाली तर मेंदूज्वरासारखा गंभीर आजार होण्याची शक्यता वाढते, असे अमेरिकेतल्या अभ्यासात २००६ साली दिसले. त्याशिवाय एचआयव्हीच्या काही जाती सीसीआर-५ऐवजी सीएक्ससीआर-४ हे दुसरे प्रथिन वापरतात आणि त्यांच्यापुढे ही सगळी खटपट वाया जाते. सीसीआर-५ झाकून ठेवणारी मॅराव्हिरॉक ही गोळी २००७पासून उपलब्ध आहे, पण ती देण्याआधी रुग्णातला विषाणू कोणते प्रथिन वापरतो हे तपासावे लागते ते याच कारणाने.

तुम्ही सुचवता तो प्रयोग एकाने केलाही. चीनमधल्या ह जियानक्वी या शास्त्रज्ञाने भ्रूणांमधले सीसीआर-५ जनुक कापून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे नोव्हेंबर २०१८मध्ये जाहीर केले. जगभरातून टीका झाली आणि पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. मला त्यात सर्वांत खटकलेली गोष्ट ही की त्या मुलींना या बदलाची गरजच नव्हती. वडिलांना एचआयव्ही असला तरी मुलांपर्यंत तो जाऊ न देण्याचे साधे आणि खात्रीचे उपाय आधीपासून हाताशी होते.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतल्या लहान मुलांचे लसीचे डोस चुकतात आणि मग गोवर निघतो. गोवर बरा झाल्यावरही ती मुले वर्ष-दोन वर्षे सारखी आजारी पडतात, कधी जुलाब, कधी कान फुटणे, कधी निमोनिया. हे फक्त कुपोषणामुळे होते की आणखी काही आहे?
– बीड जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही जे पाहिले ते अगदी खरे आहे. कुपोषणाचा त्यात वाटा आहेच, पण चांगले खाऊन-पिऊन असलेल्या मुलांतही हे घडते आणि त्याचे कारण पेशीपटलावरच्या एका प्रथिनात आहे.

ते प्रथिन म्हणजे वर आलेले स्लॅम. प्रतिकारक पेशी एकमेकींना भेटतात तेव्हा परस्परांना जागे करण्यासाठी त्याचा वापर होतो. पेशी जागी झाली की तिच्यावर ते वाढते, आणि पूर्वी एखाद्या जंतूशी लढून त्याची आठवण जपणाऱ्या पेशींवर ते नवख्या पेशींपेक्षा जास्त असते. गोवराचा विषाणू याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, हे २००० साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे श्वासाबरोबर तो आत आला, फुप्फुसातल्या पहारेकरी पेशींत शिरला, त्यांच्या खांद्यावर बसून लसिका ग्रंथींत पोचला, की तिथे त्याला आठवण जपणाऱ्या पेशींचा अख्खा वाडा मोकळा सापडतो. अंगावर पुरळ उठते ते टी पेशी त्वचेतल्या लागण झालेल्या पेशींवर तुटून पडतात म्हणून. त्या लढाईत गोवर हरतो आणि पुन्हा सहसा होत नाही. पण लागण झालेल्या आठवणींच्या पेशीही त्या धुमश्चक्रीत मरतात.

पुढे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या काही आठवड्यांत पूर्ववत होते, त्यामुळे साध्या तपासणीत सगळे ठीक दिसते. मात्र नव्याने भरती झालेल्यांत गोवर ओळखणाऱ्या पेशींचा भरणा असतो आणि इतर जंतूंच्या आठवणींच्या जागा रिकाम्याच राहतात. नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणाने लस न घेतलेल्या समाजातल्या ७७ मुलांचे रक्त गोवराआधी आणि नंतर तपासले गेले. त्यांच्यातल्या निरनिराळ्या जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यापैकी ११ ते ७३ टक्के साठा गोवरानंतर नाहीसा झालेला आढळला. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मुलाने दोन-तीन वर्षे सर्दी-जुलाब सोसून कमावलेले शहाणपण पुसले जाते आणि ते त्याला पुन्हा आजारी पडूनच कमवावे लागते.

शरीरात इतके करून विषाणू बाहेर पडतो तो वेगळ्याच प्रथिनाच्या आधाराने. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर नेक्टिन-४ नावाचे प्रथिन असते. त्याला धरून तो रक्ताच्या बाजूने त्या पेशींत शिरतो आणि हवेच्या बाजूने खोकल्यावाटे बाहेर जातो. हा रोग इतका पसरतो त्याचे हे एक कारण आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते असे मानतात. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराने मुले दगावली, तेव्हा हे आपण पाहिले आहे.

लसीतला दुबळा केलेला विषाणू आठवणींचा असा नाश करत नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि नंतर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असे गोवर-रुबेला लसीचे दोन डोस ठरलेले आहेत आणि चुकले तरी पाच वर्षांपर्यंत ते देता येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. 'गोवर येऊन गेला, आता लस कशाला' असे म्हणणाऱ्या आईला सांगा की उरलेल्या सगळ्या लसी आता आधीपेक्षा जास्त गरजेच्या आहेत. गोवर निघालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळाला की नाही हेही पाहा. दारावर कडुनिंबाचा पाला टांगायला माझी हरकत नाही, पण तो डोस चुकायला नको. आणि ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाच्या हाती लसीचे कार्ड देताना पुढच्या डोसची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

प्रश्न : प्रतिकारक पेशी पृष्ठभागावरच्या प्रथिनांमुळे जाग्या होतात, तर तेच प्रथिन बटणासारखे दाबणारे एखादे औषध देऊन सगळी प्रतिकारशक्ती एकदम का वाढवत नाहीत? बाजारात तर अशा दाव्यांच्या गोळ्या आणि काढे भरपूर आहेत.
– डोंबिवली

उत्तर : हळद-सुंठ-मिऱ्याचा काढा मीही घेतो, घशाला शेक बसतो म्हणून. त्याने टी पेशी जाग्या होत असत्या तर मी तो घेतला नसता.

बँकेतला लॉकर आठवा. बँकेची किल्ली आणि तुमची किल्ली, दोन्ही फिरल्याशिवाय तो उघडत नाही. टी पेशीचेही तसेच आहे. ग्राहीने जंतूचा तुकडा ओळखला ही पहिली किल्ली. पण तुकडा मिरवणाऱ्या पेशीवर सीडी-८० किंवा सीडी-८६ ही धोक्याची खूण असेल आणि ती टी पेशीच्या सीडी-२८ या प्रथिनाला भिडली, तरच दुसरी किल्ली फिरते. दुसरी किल्ली न लागताच पहिली फिरली तर पेशी बहुधा सुस्त पडते. आपल्याच शरीराच्या तुकड्यांवर ती तुटून पडू नये म्हणून ही तजवीज आहे.

पहिल्या किल्लीवाचूनच, एकट्या सीडी-२८ला जोराने दाबून टी पेशी जाग्या करणारे एक औषध प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्याचे नाव टीजीएन-१४१२. मार्च २००६मध्ये लंडनमध्ये ते पहिल्यांदा माणसांना देण्यात आले. आठ निरोगी तरुण स्वयंसेवक होते. त्यांतल्या सहांना औषध आणि दोघांना नुसते सलाइनसारखे निरुपद्रवी द्रावण मिळाले. मात्रा प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतकी, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम होती. ती एकापाठोपाठ एक, थोड्या मिनिटांच्या अंतराने दिली गेली. दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ सुरू झाली आणि रक्तदाब कोसळला. पुढच्या १२ ते १६ तासांत फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. टी पेशींनी एकदम जागे होऊन दाह पेटवणाऱ्या रसायनांचा पूर सोडला होता. अतिदक्षता विभागातल्या उपचारांनी सहाही जण वाचले, पण सगळे धड सुटले नाहीत. एकाची हातापायांची बोटे गेली.

माकडांत हे का दिसले नव्हते, ते नंतर उलगडले. लढाईसाठी सज्ज असलेल्या काही टी पेशींवर माणसात सीडी-२८ असते. प्रयोगातल्या मकाक माकडांच्या त्याच पेशींवर ते नसते. एका प्रकारच्या पेशीवर एक प्रथिन असण्या-नसण्याचा हा फरक. त्यानंतर युरोपात नियम बदलले आणि पहिल्या माणसाला औषध देऊन पुरेसा वेळ थांबल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नये, ही खबरदारी रूढ झाली.

मग प्रतिकारशक्ती वाढवताच येत नाही का? येते, पण ॲक्सिलरेटर दाबण्यापेक्षा ब्रेक सैल करून. लढाई लांबली की टी पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-१ आणि सीटीएलए-४ अशी ब्रेकची प्रथिने येतात. सीटीएलए-४ तर सीडी-२८ची जागाच बळकावते, कारण सीडी-८० आणि सीडी-८६ला ते त्याच्यापेक्षा घट्ट चिकटते. जुनाट विषाणूसंसर्गात टी पेशी दमल्यासारख्या दिसतात त्या पीडी-१मुळे, आणि कर्करोगाच्या गाठी हाच ब्रेक दाबून धरतात. तो सैल करणाऱ्या औषधांच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. यातही फुकट काही नाही. ब्रेक सैल झाल्यावर टी पेशी कधी आतड्यावर, कधी थायरॉइडवर उलटतात, आणि ही औषधे आपल्याकडे बहुतेकांना परवडत नाहीत. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांचे काम मला मोलाचे वाटते. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब या अशाच औषधाची एरवीची २४० मिलिग्रॅमची मात्रा सोडून त्यांनी तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिली. नुसत्या तोंडाने घ्यायच्या औषधांवर एक वर्ष जगलेल्या रुग्णांचे प्रमाण १६ टक्के होते, ते ४३ टक्क्यांवर गेले.

प्रश्न : मी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतो. या गोळ्यांमुळे एसीई-२ वाढते आणि करोना जास्त होतो असे कुणीतरी सांगितले. गोळी बंद करू का?
– नाशिक

उत्तर : नाही. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत या गटातल्या औषधांनी एसीई-२ वाढल्याचे दिसले होते, त्यामुळे २०२०च्या सुरुवातीला ही शंका डॉक्टरांनाही आली होती. ब्राझीलमध्ये ही औषधे घेणाऱ्या आणि करोनामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ६५९ रुग्णांवर चाचणी झाली. काहींची गोळी महिनाभर थांबवली, काहींची चालू ठेवली. थांबवून काही फायदा दिसला नाही. गोळी मनाने बंद केल्यावर वाढणारा रक्तदाब मात्र खराखुरा असतो.

प्रश्न : तुमचे लिखाण वाचून वाटते की पेशीपटलावरचे प्रत्येक प्रथिन शेवटी विषाणूच्याच कामी येते. विषाणूला अडवणारे तिथे काही नाही का?
– मडगाव

उत्तर : आहे, आणि त्यातल्या एकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नवे एचआयव्ही कण पेशीच्या पटलाचाच तुकडा अंगावर ओढून बाहेर पडतात. टेदरिन नावाच्या प्रथिनाची दोन्ही टोके पटलात रोवलेली असतात. कण सुटू लागला की त्याचे एक टोक कणाच्या आवरणात जाते, दुसरे पेशीत अडकून राहते, आणि सुटलेला कण दाव्याला बांधलेल्या वासरासारखा पेशीलाच लटकत राहतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांत अशा पेशी अंगभर विषाणूंचे घोस लगडलेल्या दिसतात. विषाणूची लागण जाणवली की इंटरफेरॉन या निरोपामुळे टेदरिनचे उत्पादन वाढते. त्याचे हे काम २००८मध्ये उलगडले.

एचआयव्हीने त्यावर तोड काढली आहे. त्याचे व्हीपीयू हे छोटे प्रथिन टेदरिनला पृष्ठभागावरून आत खेचून नष्ट करवते. गंमत अशी की एचआयव्हीचा पूर्वज, चिंपांझींमधला विषाणू, हे काम व्हीपीयूने करतच नव्हता. तो नेफ नावाचे दुसरे प्रथिन वापरत होता आणि ते चिंपांझीच्या टेदरिनच्या शेपटातल्या पाच अमिनो आम्लांच्या तुकड्याला पकडते. माणसाच्या टेदरिनमध्ये तेवढाच तुकडा नाही. त्यामुळे वानरांकडून माणसात आलेल्या विषाणूची पकड इथे सुटली आणि त्याला नवे हत्यार घडवावे लागले. एचआयव्हीच्या ज्या 'एम' गटाच्या व्हीपीयूला हे चांगले साधले, तो गट जगभर पसरला आणि इचलकरंजीच्या पत्रातला विषाणू बहुधा त्याचाच वंशज असेल. 'पी' नावाच्या गटाला ते साधले नाही. तो आजवर कॅमेरूनच्या मोजक्याच व्यक्तींत सापडला आहे.